मदत हवी आहे: एका हाताने चालणाऱ्या गेम कंट्रोलरवर पेटंटची नोटीस आली आहे

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला सल्ला देता येणार नाही.

अप्पा बळवंत चौकापासून पाच मिनिटांवर माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. नऊ वर्षं झाली, मुख्यतः गेम कंट्रोलरच येतात. स्टिक हात न लावता सरकते, ट्रिगर अडकतो, बटण दोनदा दाबावं लागतं, ही रोजची कामं. सुटे भाग तपकीर गल्लीतून आणते.

माझा धाकटा चुलतभाऊ भोसरीला पॉवर प्रेसवर कामाला होता. २०२२ च्या पावसाळ्यात त्याच्या डाव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा राहिला. घरी येणारा जाणारा त्याला दुखतंय का, जेवलास का एवढंच विचारायचा. महिनाभराने तो मला म्हणाला, "ताई, मला फुटबॉलचा गेम खेळता येईल असं काहीतरी कर ना."

तीन महिने रात्री बसून केलं. नेहमीच्या कंट्रोलरची डावी स्टिक काढून खालच्या बाजूला लावली. ती मांडीवरच्या पाटावर टेकते आणि उजव्या हाताने अख्खा कंट्रोलर कलवला की खेळाडू पळतो. ही कल्पना माझी नाही, नेटवर खूप जणांनी असं केलेलं आहे. डाव्या बाजूची बटणं मात्र कुठे न्यायची याचं उत्तर मी माझं शोधलं. कंट्रोलरच्या पाठीवर दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मधल्या आणि तिसऱ्या बोटाखाली येतील अशा. पट्टी एका टोकाला खिळ्यावर फिरते, दुसऱ्या टोकाखाली मायक्रोस्विच. पट्टीचं भोक गोल न पाडता लांबट पाडलंय, म्हणजे स्क्रू सैल करून पट्टी सहा-सात मिलिमीटर पुढे-मागे सरकवता येते. प्रत्येकाच्या बोटांची लांबी वेगळी असते आणि दोन मिलिमीटरच्या फरकानेसुद्धा तासाभरात हात भरून येतो, हे भावाने वापरून वापरून मला शिकवलं.

त्याच्या ओळखीतून आणखी लोक आले. कुणाचा हात प्रेसवर गेलेला, कुणाला लकवा. आजवर चौदा झाले. सुट्या भागांचे पैसे आणि एका दिवसाची मजुरी एवढंच घेते. गेल्या दिवाळीत भावाने खेळतानाचा आणि पट्टी कशी बसवायची याचा व्हिडिओ टाकला.

मागच्या सोमवारी एका कंपनीकडून ईमेल आली. नाव इथे लिहीत नाही. कंट्रोलरच्या मागच्या बाजूच्या बटणांचं पेटंट आमच्याकडे आहे, १५ दिवसांत विक्री बंद करा, शिल्लक माल नष्ट करा आणि सोबतच्या हमीपत्रावर सही करून पाठवा, नाहीतर नुकसानभरपाईचा दावा लावू. पेटंटचा क्रमांक कुठेच नाही.

तेव्हापासून जे मिळेल ते वाचतेय, आणि वाचून जास्तच घाबरले आहे. इमर्शन नावाच्या कंपनीने कंट्रोलर हातात थरथरतो त्या कंपनाच्या पेटंटवरून २००२ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांवर दावा लावला. मायक्रोसॉफ्टने पुढच्याच वर्षी मिटवलं, सोनी लढत राहिली. २००४ मध्ये ज्युरीने ८ कोटी २० लाख डॉलर द्यायला सांगितले आणि २००७ मध्ये तडजोड झाली तोवर आकडा १५ कोटींच्या वर गेला. मधल्या काळात, २००६ ला, प्लेस्टेशन ३ आला तो कंपन नसलेल्या सिक्सॲक्सिस कंट्रोलरसह. सोनीने तेव्हा कारण हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरचं दिलं होतं. हा कंट्रोलर माझ्याकडे दुरुस्तीला आला की उचलल्या उचलल्या कळतो, इतका हलका. उघडला की दोन्ही मुठी रिकाम्या. एरवी तिथे दोन मोटरी असतात, डावीकडे जड वजनाची, उजवीकडे हलकी. वर्षानुवर्षं मी त्या रिकाम्या जागा बघत आले. त्यांच्यामागे कोर्टकचेरीसुद्धा होती हे आत्ता कळलं.

आणि मागच्या बटणांवरूनही खटला झालाय. आयर्नबर्ग कंपनीने व्हाल्वच्या स्टीम कंट्रोलरवर दावा लावला, २०२१ मध्ये ज्युरीने ४० लाख डॉलरचा निकाल दिला, तोही जाणूनबुजून उल्लंघन केलं म्हणून. मला ईमेल पाठवणारे हे नव्हेत, वेगळेच आहेत. पण व्हाल्वसारख्या कंपनीची ही गत, तर माझं काय?

माझे प्रश्न:

सही करावी का? मागे बटण असणं एवढ्यावरच कुणाची मालकी असू शकते का? आणि ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, तूच आधी पेटंट घेऊन टाक. ते आता जमेल का? मला यातून पैसा उभा करायचा नाही. उद्या हे दुसऱ्याने स्वतःच्या नावावर करून या पोरांना अडवू नये, एवढंच हवंय. कुणाचं ढापलेलंही मला नको आहे. खरंच त्यांचं असेल तर मी थांबेन.

प्रतिसाद – मुठाकाठ

ताई, एवढं मनावर घेऊ नका. चौदा नगांसाठी कोण कोर्टात जातंय? ईमेल उडवून द्या आणि काम चालू ठेवा.

प्रतिसाद – पेटंटवाली

मुठाकाठ, असं सांगू नका. नोटीस मिळूनही दुर्लक्ष केलं हे पुढे अंगाशी येऊ शकतं.

ताई, मी या क्षेत्रात काम करते, पण इथलं लिहिणं म्हणजे वकिली सल्ला नव्हे. सही अजिबात करू नका. हमीपत्रात "आम्ही उल्लंघन केले" असं वाक्य बहुतेक असेलच, बघा. दोन ओळींचं सभ्य उत्तर पाठवा: पेटंटचा क्रमांक, देश आणि कोणता क्लेम (पेटंटमध्ये नेमक्या कशावर हक्क सांगितलाय ते वाक्य) मोडला जातोय ते कळवावं. माफी, खुलासा, तुमच्या वस्तूचं वर्णन, काही नको.

पेटंट ज्या देशात दिलं त्याच देशात चालतं. अमेरिकेतल्या पेटंटच्या जोरावर पुण्यात बनवून पुण्यात विकलेली वस्तू थांबवता येत नाही. भारतात पेटंट असेल तर ते पेटंट कार्यालयाच्या इनपास या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. अर्जदाराच्या नावाने शोधा. सापडलं तर ते जिवंत आहे का तेही बघा, कारण तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी भरावी लागते आणि ती चुकली की पेटंट संपतं. एरवी मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मालकी कल्पनेवर नसते, क्लेमच्या शब्दांवर असते. तुम्ही म्हणताय त्याच आयर्नबर्गच्या पेटंटचा पहिला क्लेम वाचा. त्यात नुसतं मागे बटण नाही. लांबट पट्टी हवी, ती कंट्रोलरच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत जवळजवळ पूर्ण अंतर गेलेली हवी, आणि मुळातच लवचिक हवी. क्लेममधली प्रत्येक गोष्ट तुमच्या वस्तूत असली तरच उल्लंघन. एक नसली तर सहसा नाही. सहसा म्हणते, कारण शब्द चुकवून काम तंतोतंत तेच केलं असेल तर कोर्ट तेही धरू शकतं.

आणि बिनबुडाच्या धमक्यांवर आपल्या कायद्यात उपाय आहे, पेटंट कायदा १९७०, कलम १०६. धमकी अन्यायकारक आहे असं कोर्टाकडून जाहीर करून घेता येतं, नुकसानभरपाईही मागता येते. नुसतं "आमचं पेटंट आहे" एवढं कळवणं धमकी ठरत नाही, पण दावा लावू म्हणणं वेगळं. ईमेल जपून ठेवा.

प्रतिसाद – जुना डायमेकर

मी ३१ वर्षं डाय आणि मोल्डच्या धंद्यात काढली, आता निवृत्त. पोरी, तुझं काम वाचून आनंद झाला.

घाबरण्याऐवजी एक गोष्ट बघ. तुझ्या दुकानात प्लेस्टेशनचा कंट्रोलर असेलच. डावीकडची बाणांची चार बटणं वरून सुटी दिसतात ना? उघडून बघ. आत एकच अधिकच्या चिन्हासारखा तुकडा आहे, फक्त त्याचे चार हात झाकणातून वर काढलेत. तो सबंध क्रॉस निन्टेंडोच्या योकोईंनी १९८२ च्या डाँकी काँग गेम अँड वॉच या हातात धरून खेळायच्या छोट्या गेमसाठी काढला. मध्यावर टेकू असल्यामुळे एक बाजू दाबली की समोरची वर उचलली जाते, उजवं-डावं एकदम दाबलंच जात नाही. अमेरिकेत त्यावर १९८७ ला पेटंट मिळालं, २००५ मध्ये संपलं. तोवर कुणी गोल थाळी केली, कुणी झाकणाने मधला भाग झाकला. आम्हीही कारखान्यात हेच करायचो. दुसऱ्याचं ड्रॉइंग समोर ठेवायचं आणि त्यात काय लिहिलंय त्यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते शोधायचं. ही चोरी नव्हे.

तुझी पट्टी ॲल्युमिनियमची, खिळ्यावर फिरणारी. ती वाकत नाही. परत येणारा जोर मायक्रोस्विचच्या आतल्या पात्याचा. हे कागदावर काढून ठेव, मापांसकट, तारीख घालून.

प्रतिसाद – धागाकर्ती

काका, आत्ताच एक जुना कंट्रोलर उघडून भावाला दाखवला. तो कितीतरी वेळ तो क्रॉस बोटाने डोलवत बसला होता.

पेटंटवाली, तुम्ही सांगितलं तसंच उत्तर पाठवलंय. हमीपत्रात खरंच ते वाक्य आहे, दुसऱ्याच परिच्छेदात. स्वतः पेटंट घेण्याबद्दल राहिलं.

प्रतिसाद – पेटंटवाली

व्हिडिओत जे दाखवलं त्यावर भारतात आता बहुतेक मिळणार नाही. अर्जाच्या आधी उघड झालेली गोष्ट नवी राहत नाही, मग ती आपणच उघड केली असली तरी. पण तुमचा हेतू पाहता हे वाईट नाही. तो व्हिडिओ तारखेसकट जगापुढे आहे, म्हणजे त्यानंतर कुणी तीच रचना स्वतःची म्हणून अर्ज केला तर तोच पुरावा त्याच्या आड येतो. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कुणीही त्याला विरोध नोंदवू शकतं, त्यासाठी कंपनी असावं लागत नाही. व्हिडिओ काढू नका. उलट मापं आणि आकृत्याही टाका.

पुढे काही नवं सुचलं आणि पेटंट हवंच असेल तर दाखवण्याआधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करा. पूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने मिळतात. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, पण सगळं ऑनलाइन होतं.

प्रतिसाद – धागाकर्ती

अकरा दिवसांनी उत्तर आलं. क्रमांक अमेरिकन पेटंटचा आहे. इनपासवर त्यांच्या नावाने तीनदा शोधलं, नाव वेगवेगळ्या पद्धतींनी लिहून. भारतात काही नाही.

पहिला क्लेम वाचायला दोन रात्री लागल्या. एकच वाक्य, पाऊण पान. वहीत तोडून तोडून लिहिलं. तीन गोष्टी निघाल्या: मागच्या बाजूला पट्टी, पट्टीखाली स्विच, आणि वापरणाऱ्याला पट्टीची जागा सरकवून बदलता येणं. तिसरं वाचलं आणि पोटात गोळा आला. माझं लांबट भोक म्हणजे तेच ना? भावाच्या बोटांवरून मी स्वतः शोधलेलं, आणि ते आधीच कुणीतरी लिहून ठेवलंय. वाईट वाटलं, पण त्यांनी आधी केलं हे खरं आहे.

इथे एक नवीन अडचण. न्यू जर्सीच्या मावशीच्या शेजारचा मुलगा, वय १२, जन्मापासून डावा हात कोपरापर्यंतच आहे. त्याच्यासाठी एक कंट्रोलर तयार होऊन खोक्यात बांधलेला आहे. पाठवू का?

प्रतिसाद – पेटंटवाली

तो पाठवू नका. त्यांचा अर्ज कोणत्या सालचा आहे?

प्रतिसाद – धागाकर्ती

२०१५.

प्रतिसाद – पेटंटवाली

मग भारतात निश्चिंत राहा. बाहेरचा अर्ज इथे आणायची मुदत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिने असते, ती केव्हाच गेली. पुण्यातले चौदा आणि पुढचे चाळीससुद्धा बिनधास्त करा. अमेरिकेत मात्र ते पेटंट जिवंत असेल तर तिथे वस्तू पाठवणं हेही उल्लंघनात येतं, एक नग असला तरी.

प्रतिसाद – जुना डायमेकर

त्या मुलाच्या पट्टीला सरकायची गरजच काय? वापरणारा एकच आहे. त्याच्या बोटाचं माप घे आणि गोल भोक पाड.

प्रतिसाद – धागाकर्ती

काका! हे मला का सुचलं नाही.

खोकं सोडलं. मावशीला सांगितलंय की मुलाचा उजवा हात कागदावर ठेवून पेन्सिलने कड काढ, प्रत्येक पेराशी खूण कर आणि बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो पाठव. नवीन पट्ट्या कापून ठेवल्यात, भोकं अजून पाडलेली नाहीत. पेटंटवालींनी व्यक्तिगत निरोपातून तिकडच्या एका पेटंट वकिलांकडे प्रश्न पोचवलाय, गोल भोकाच्या आकृतीसह. त्यांचा होकार येईपर्यंत पार्सल जाणार नाही, हे मावशीलाही कळवलंय. मुलगा वाट बघतोय, दोन वर्षांत तो वाढेल तेव्हा पट्ट्या नव्या माप घेऊन करून देईन.

मापांच्या आकृत्या भाऊ काढतोय, उजव्या हाताने, डाव्या अंगठ्याने कागद दाबून धरून. रविवारी इथेच टाकते. मिलिमीटरमध्ये काही चुकलं असेल तर काका, तुम्ही तपासून द्याल का?