मदत हवी आहे : बाबांना घेऊन रेडीला जायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही भांडुपला राहतो. बाबा तरुणपणी वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीच्या लोहखनिजाच्या खाणीत टिपर चालवायचे. आता ७६ वर्षांचे आहेत, गुडघे साथ देत नाहीत, पण एकदा रेडी दाखव म्हणून मागे लागलेत. खाणीतला एक दगड अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. मुठीएवढाच, पण हातात घेतला की वजन जाणवतं आणि बोटांना तांबूस भुकटी लागते.

दादरहून तुतारी एक्सप्रेसने सावंतवाडी रोड स्टेशनपर्यंत जाऊ. पुढे एसटी बरी की स्टेशनवरूनच रिक्षा करावी? तळमजल्यावर खोली आणि कमोड असलेलं घरगुती राहण्याचं ठिकाण रेडीत मिळेल, की शिरोड्यात बघू?

१९७६ साली खाणीच्या परिसरात सापडलेल्या द्विभुज गणपतीचं दर्शन घ्यायचंच आहे. ती मूर्ती बाहेर निघाली तेव्हाची गर्दी बाबा अजून डोळ्यांसमोर उभी करतात. यशवंतगडाच्या पायथ्यापर्यंत गाडी जाते का? झाडांच्या मुळांनी धरलेल्या त्या भिंती त्यांना लांबून दिसल्या तरी पुरे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाणीचे जुने खड्डे रस्त्यावरून दिसतात का? आत जायला परवानगी कुणाकडे मागायची? आणि संध्याकाळी वाळूत फार न चालता समुद्रासमोर बसता येईल अशी जागा कुठली?

तिथल्या कुणी किंवा हल्लीच जाऊन आलेल्यांनी सांगितलं तर फार उपकार होतील. तिकिटं या आठवड्यात काढायची आहेत.