गोल्फ स्विंगचं केंद्र नेमकं कुठे: डोकं, छाती की कंबर?

चेंबूर_७आयर्न
गोल्फ उजव्या हाताने खेळतो. रेंजच्या (सरावाच्या जागेच्या) मॅटवर ७ नंबर आयर्न, म्हणजे लोखंडी माथ्याचा क्लब, स्वच्छ बसतो, गवतावर मात्र तो बॉलच्या आधीच मातीत रुततो. पावसाळ्यात तर फारच. "डोकं हलवू नका" असं सगळे सांगतात, पण डोकं आवळून धरलं की खांदेच वळत नाहीत. शरीर फिरतं ते कोणत्या बिंदूभोवती? तो हलला हे कसं ओळखायचं?

फक्की_रेघ
केंद्र डोक्यात नाही. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जो मणका बोटाला लागतो तो, आणि पुढे गळ्याखालची खळगी, या दोन्हींच्या मधोमध. खांदे त्याच्याभोवती वळतात. हनुवटी थोडी उजवीकडे वळली तर वळू द्या.

मॅटवर चूक लपते. क्लब दोन बोटं मागे टेकला तरी घसरत बॉलपर्यंत पोचतो. ओली माती तेवढी सवलत देत नाही. बॅकस्विंगला, म्हणजे क्लब मागे नेताना, केंद्र उजवीकडे सरकून तिथेच राहिलं, की स्विंगचा सर्वांत खालचा बिंदूही मागे राहतो. आयर्नला तो बॉलच्या पुढे, टार्गेटच्या बाजूला हवा.

फक्कीची रेघ मारा. रेघ बॉलच्या जागी धरून, बॉल न ठेवता, तिच्यावर दहा स्विंग करा. डिव्हट, म्हणजे क्लबने मातीत पडलेले खड्डे, रेघेच्या पुढे निघायला हवेत. मागे निघाले तर केंद्र परतत नाहीये.

सकाळचं_ऊन
ऊन पाठीवर घ्या, मानेच्या सावलीच्या दोन्ही बाजूंना एकेक टी (बॉल ठेवायची खुंटी) रोवा. सावकाश बॅकस्विंग करा. सावली उजव्या टीवर चढली की केंद्र सरकलं. दुपारी सावली आखूड पडते, उपयोग नाही. ढगाळ असेल तर फोन समोर, छातीच्या उंचीवर.

केंद्र वर उठतं ती चूक वेगळी: कंबर बॉलकडे ढकलली जाते, पाठ सरळ होते आणि बॉलचा माथा लागतो. त्यासाठी भिंतीला कुल्ले जेमतेम टेकवून, क्लबशिवाय वळा. मागे जाताना उजवा टेकलेला, खाली येताना डावा.

उतारावरचा
ड्रायव्हरला (लांब फटक्याच्या क्लबला) ही रेघ लावू नका. बॉल डाव्या टाचेसमोर, केंद्र त्याच्या मागे, क्लब वर चढताना लागायला हवा. खारघरच्या गोल्फ मैदानासारख्या चढउतारावर बॉल उतरणीला असेल तर खांदे उताराला समांतर करा, नाहीतर केंद्र जागेवर राहूनही क्लब आधी मातीत जाईल.

चेंबूर_७आयर्न
गोल्फ क्लबवाले त्यांच्या मैदानाच्या गवतावर फक्की मारू देतील का?

फक्की_रेघ
माळ्याला विचारा. नाहीच तर सरावाच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) वाळूवर काठीने रेघ ओढा. खूण गवतापेक्षा स्पष्ट उमटते.