थोर बुद्धिबळपटूंच्या यादीत बोगार्ट कशासाठी?

अडीच घरे : सार्वकालिक श्रेष्ठ बुद्धिबळपटूंची यादी काल येथे वाचली. फिशर पहिला, कास्पारोव्ह दुसरा, कॅपाब्लांका तिसरा, इथपर्यंत मतभेद असले तरी चीड येण्यासारखे काही नव्हते. परंतु नट हम्फ्री बोगार्ट आणि संगीतकार प्रोकोफिएव्ह यांना 'मानाची जागा' देताना लास्करला चक्क वगळले आहे, हे पाहून गप्प बसवेना. लास्कर १८९४ ते १९२१ अशी सलग २७ वर्षे विश्वविजेता होता. फिशरने मात्र १९७२ मध्ये मिळवलेले विजेतेपद राखण्यासाठी एकही डाव न खेळता १९७५ मध्ये ते कार्पोव्हला जाऊ दिले. कास्पारोव्ह २००५ मध्ये निवृत्त झाला तेव्हाही गुणांकनात अव्वल होता. पहिला मान त्याचाच.

यादीकार : लास्करने १९१० नंतर कॅपाब्लांकाकडून हरेपर्यंत विजेतेपद एकदाही पणाला लावले नाही, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. मधे महायुद्ध होते हे मान्य. तरीही पळपुटेपणाचा ठपका एकट्या फिशरवरच का? १९७१ मध्ये विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या लढतींत त्याने ताईमानोव्ह आणि लार्सन या दोघांनाही ६-० असे, एकही बरोबरी न देता, नमवले. राहिला प्रश्न प्रोकोफिएव्हचा. त्याने १९१४ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे प्रत्यक्ष कॅपाब्लांकाला हरवले आहे. येथे लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना ते साधेल?

जुनी वही : तो विजय सायमलमधला, म्हणजे एकच खेळाडू एकाच वेळी अनेकांशी वेगवेगळ्या पटांवर खेळतो अशा खेळातला होता, हे आपण सांगितले नाहीत. मी अशा एका सायमलमध्ये खेळलो आहे. ग्रँडमास्टर टेबलाशी आले की चाल करावीच लागते. सुरुवातीला हा नियम जाचत नाही, कारण त्यांची फेरी पूर्ण व्हायला बराच वेळ लागतो. परंतु आजूबाजूचे डाव आटोपू लागले की ते घटकेघटकेला समोर उभे राहतात, आणि हत्ती-प्याद्यांच्या अखेरीत जिथे खरा विचार हवा, तिथेच वेळ उरत नाही. माझा डाव बरोबरीत सुटला. घड्याळ लावून समोरासमोर बसलो असतो, तर पंचवीस चालींतच मला डाव सोडावा लागला असता. त्या बरोबरीच्या जोरावर मी कोणत्याही यादीत जागा मागणार नाही.

यादीकार : आपल्या सांगण्यातून उलटेच सिद्ध होते. वेळेचा काच शेवटी हौशी खेळाडूलाच अधिक बसतो, आणि तो सोसून मिळवलेला विजय हा विजयच असतो.

जुनी वही : अजिबात नाही. आपले लक्ष एका पटावर असते, त्यांचे वीस-तीस पटांवर. हा फरक ज्याला दिसत नाही, त्याने सायमल जवळून पाहिलेली नाही, असेच मी समजेन.

सातव्या घरातले प्यादे : सायमलचा एवढा काथ्याकूट चालला आहे, आणि खऱ्या हौशी विश्वविजेत्याचे नावही कोणी घेत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. मॅक्स युवे गणिताचा शिक्षक होता. १९३५ मध्ये त्याने तेव्हाचा विश्वविजेता अलेखिन याला ३० डावांच्या लढतीत १५½-१४½ असे हरवले. तरीही लोक अलेखिनच्या दारूचा विषय काढून युवेचे श्रेय हिरावून घेतात. प्रसिद्ध हौशींचेच म्हणाल, तर चित्रकार मार्सेल द्युशाँ बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये फ्रान्सच्या संघातून खेळला. बोगार्टला बुद्धिबळाचे वेड होते, तो चांगला खेळतही असे. पण द्युशाँच्या आधी त्याचे नाव घेणे हा द्युशाँवर अन्याय आहे.

वजिराची बाजू : युवेचा एवढा कैवार घेणाऱ्यांनी त्याला हरवणाऱ्या व्हेरा मेंचिकचे नावही घेऊ नये? ती १९२७ पासून १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात मृत्यू येईपर्यंत महिला विश्वविजेती होती. ज्युडिट पोल्गारने २००२ मध्ये जलद डावात कास्पारोव्हला हरवले आणि पुढे जागतिक क्रमवारीत आठवे स्थान गाठले. नटांना मानाची जागा देणाऱ्या यादीत या दोघींसाठी एक ओळही नसावी, याची मला चीड येते. माझी मुलगी स्पर्धांना जाते, तेव्हा तिच्याकडून हरलेल्या मुलाला त्याचे वडील 'मुलीकडून हरलास?' असे सर्वांदेखत विचारतात. या याद्याही तोच प्रश्न विचारतात.

यादीकार : पोल्गारबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे, तिचे नाव घालतो. लास्करलाही घेतो, मात्र पहिल्या पाचांत नाही. बोगार्टच्या जागी द्युशाँ येईल. फिशर पहिलाच राहील, आणि प्रोकोफिएव्हचा विजय मी खोडणार नाही.

जुनी वही : मग त्या विजयापुढे 'सायमल' एवढे तरी लिहा.