सकाळी लिफ्टपाशी जे बोललं गेलं

मृणाल (बी-३०४): आज सकाळी लिफ्टपाशी मास्तर उभे होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "एवढे शिकलेले, तरी..." असं बोलणं झालं. कोण बोललं ते मला माहीत आहे. हे बरं झालं नाही.

पाटील काका (ए-१०१): ओटीपी कोणालाही देऊ नये. बँक कधीच ओटीपी मागत नाही. 🙏

शिरीष (बी-२०२): मीच बोललो. चूक काय? साडेअकरा लाख स्वतः बँकेत जाऊन भामट्यांना पाठवले. घरात काकूंनाही पत्ता नाही.

मृणाल: पत्ता लागूच देत नव्हते ते लोक. तीन दिवस व्हिडिओ कॉल चालू. बाथरूमला जायचं तरी विचारून. समोर पोलिसाच्या वेशातला माणूस. म्हणे, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय. तुमच्या आधारवर पार्सल गेलंय, ड्रग्ज सापडलेत, कोणाला सांगितलंत तर मुलाला उचलू.

सेक्रेटरी: वैयक्तिक विषय टाळावेत ही विनंती. उद्या ११ ते १ पाणी बंद. टाकी धुणार.

काळे वहिनी (ए-३०२): परत टाकी??

सेक्रेटरी: वहिनी, गेल्या महिन्यात वरची धुतली, उद्या खालची. मीटिंगला आला असतात तर कळलं असतं.

शिरीष: डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यात नाहीच. ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी मन की बातमध्ये सांगितलं. फोन लावला की रिंगच्या आधी तेच ऐकवत होते. आता काय घरी येऊन सांगायचं?

प्रसाद (ए-४०३): शिरीष, वर्धमान या कापड समूहाचे एस. पी. ओसवाल, एवढे मोठे उद्योगपती, पद्मभूषण. २०२४ मध्ये ८२ व्या वर्षी ७ कोटी गेले. व्हिडिओवर खोटं सुप्रीम कोर्ट भरवलं, त्यात खोटे सरन्यायाधीश. त्यांनी तक्रार केली आणि सव्वापाच कोटी परत मिळाले.

रोहन (सी-१०४): मला कॉल आला की मी म्हणतो, साहेब लवकर अटक करा, मेंटेनन्स वाचेल 😂

मृणाल: रोहन, मास्तर हा ग्रुप वाचतात.

रोहन: सॉरी. डोक्यात नाही आलं.

पाटील काका: ओटीपी कोणालाही देऊ नये. 🙏

मृणाल: काका, त्यांनी ओटीपी दिलाच नाही. एफडी मोडून आरटीजीएस केलं.

प्रसाद: तिथेच घोडं अडतं. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढलं होतं. बाहेरच्या कोणी परस्पर पैसे काढले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काही येत नाही. मास्तरांनी फॉर्मवर स्वतः सही केली, त्यांना ते लागू होत नाही. मग उरतं १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. तेही लगेच. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पैसे काही तासांत पुढे जातात. फोन कधी केला त्यांनी?

मृणाल: पैसे मंगळवारी गेले. फोन शुक्रवारी.

प्रसाद: अरेरे.

मृणाल: तीन दिवस खुर्चीत बसून होते. का, म्हणून विचारलं. म्हणाले, "सी विंगच्या ताईंचं ग्रुपवर काय केलंत, ते वाचलं होतं मी."

मृणाल: वीजबिलाचा तो खोटा मेसेज, ताईंचे १८ हजार गेले. त्यांच्यावर केलेलं स्टिकर अजून फिरतंय. त्या ग्रुप सोडून गेल्या.

शिरीष: म्हणजे मास्तरांचे पैसे माझ्यामुळे गेले? टेरेसच्या चावीचा राग इथे काढू नकोस.

मृणाल: पैसे चोरांनी नेले. मंगळवार ते शुक्रवार आपल्यामुळे गेला. स्टिकरवर मीही हसले होते.

पाटील काका: ओटीपी

सेक्रेटरी: काका, पुरे आता. प्लीज.

काळे वहिनी: माझेही गेलेत. मार्चमध्ये. शेअरच्या टिप्स देणारा ग्रुप होता, ४२ हजार. यांना माहीत नाही, आता इथेच वाचतील. तक्रार केली नाही.

प्रसाद: वहिनी, आजच करा. उशीर झालाय, पण चोरांचं एखादं खातं गोठवलेलं असेल तर नाव यादीत हवं. स्टेटमेंट, यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक), त्यांचे मेसेज, काहीही डिलीट करू नका.

मृणाल: मास्तरांना सहाला सायबर पोलीस ठाण्यात जबाबाला बोलावलंय. माझी गाडी सर्व्हिसिंगला आहे. कोणी काढतंय का?

रोहन: मी काढतो. पावणेसहाला गेटपाशी.

काळे वहिनी: मीही येते.

मास्तर (बी-३०३): पासबुक घेतलं आहे. जिन्याने उतरतो, थोडा वेळ लागेल.