जीआरईच्या आधी गाईड शोधा

काहीजण सांगतात की जीआरई, म्हणजे अमेरिकेतल्या मास्टर्सच्या प्रवेशपरीक्षेचा, स्कोअर चांगला असला की तिथे फिशरीजच्या (मत्स्यशास्त्राच्या) एमएसला फंडिंग मिळूनच जातं. नाही हो, इथे गाडी उलटी चालते. आधी प्रोफेसरकडे एखाद्या प्रोजेक्टचा पैसा येतो, त्यातून तो विद्यार्थी मदतनीस म्हणून घेतो आणि फीमाफी, महिन्याचा स्टायपेंड हे सगळं त्या असिस्टंटशिपमधूनच निघतं, त्यामुळे असा प्रोफेसर गाईड म्हणून पक्का नसताना नुसते फॉर्म भरत सुटलं तर बहुतेक वेळा अर्जाची फी तेवढी जाते. अशा जागांच्या जाहिराती अमेरिकन फिशरीज सोसायटीच्या आणि टेक्सास ए अँड एमच्या जॉब बोर्डवर पडतात, तिथे रोज डोकवा.

माझ्या भाचीने बीएफएससी (फिशरीजची पदवी) नंतर प्रोफेसरांना पहिले तीसेक मेल एकाच साच्यातले पाठवले, उत्तर एकाचंही नाही. मग सुट्टीत नाशकात असताना गंगापूर धरणावर मासेमारांच्या होडीत बसून चिलापी माशांची लांबी-वजनं वहीत उतरवली होती ना, त्यातलं एक पान, खवले चिकटलेलं, फोटो काढून मेलला जोडलं आणि खाली चार ओळीत काय दिसलं ते लिहिलं. दोन दिवसात उत्तर! आणि हो, इथल्या मास्टर्ससाठी आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) पीजी परीक्षाही द्याच. वरच्या रँकवाल्यांना स्कॉलरशिप मिळते आणि मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई ही फिशरीजची केंद्रीय संस्था नाशिकहून काही लांब नाही, पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकलने अंधेरी.