आजोबांच्या जुन्या नोटांना संग्राहकांच्या बाजारात खरे मोल किती?

प्रश्न (महाल, नागपूर): आजोबांच्या कागदपत्रांत काही नोटा निघाल्या आहेत. सहाव्या जॉर्जचे चित्र व रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची स्वाक्षरी असलेली दोन रुपयांची एक, १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीच्या दहा रुपयांच्या काही, ट्रॅक्टरची पाच रुपयांची एक आणि नोटबंदीत बदलायच्या राहून गेलेल्या पाचशेच्या बारा. ट्रॅक्टरच्या नोटेला लाखो रुपये देऊ, अशी जाहिरात मोबाइलवर आली असून तो गृहस्थ आधी नोंदणी शुल्क मागत आहे. इतवारीतील व्यापाऱ्याने मात्र सगळ्यांचे मिळून किरकोळच सांगितले. भाव नेमका कशावर ठरतो? नोटा लॅमिनेट करून घ्याव्यात का?

उत्तर १ (धरमपेठ): लॅमिनेशन मुळीच करू नका, एकदा प्लॅस्टिक चिकटले की जाणकार संग्राहक त्या नोटेला हात लावत नाही. भाव वयापेक्षा दुर्मीळता व अवस्था यांवर ठरतो. सेवाग्राम आश्रमापुढे बसलेल्या गांधीजींच्या नोटा अमाप छापल्या गेल्या, म्हणून तेव्हाचे गव्हर्नर लक्ष्मीकांत झा यांच्या स्वाक्षरीची वापरलेली नोट सहज मिळते. परंतु बी. एन. अडारकर १९७० मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते आणि या मालिकेतील काही नोटांवर त्यांची स्वाक्षरी आहे, तेव्हा आपल्या प्रत्येक नोटेवरील स्वाक्षरी आधी वाचावी. त्यानंतर नोट तिरप्या उजेडात धरावी, म्हणजे एरवी न दिसणारी घडी रेघेसारखी उमटते. कोऱ्या करकरीत नोटेच्या तुलनेत घडी पडलेल्या नोटेचा भाव बराच खाली येतो. नोट धुणे किंवा इस्त्री करणे हा तर शुद्ध अविचार होय.

उत्तर २ (सीताबर्डी): पाचशेच्या नोटांकडे आधी लक्ष द्या. २०१७ च्या कायद्यानुसार अशा रद्द नोटा दहापेक्षा जास्त बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन वा नाणकशास्त्रासाठी (नाणी-नोटांच्या अभ्यास-संग्रहासाठी) ही मर्यादा पंचवीस आहे. भंग झाल्यास दहा हजार रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यांपैकी जास्त असेल तेथपर्यंत दंड होऊ शकतो. वकिलाला विचारून घ्यावे.

उत्तर ३ (इतवारी): शुल्क मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका, भाऊ. जुन्या नोटांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून कर वा कमिशन उकळणाऱ्यांविषयी खुद्द बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केले होते. खरा ग्राहक विकणाऱ्याकडून पैसे घेत नसतो. ट्रॅक्टरची नोट आमच्या गल्लीत ढिगाने मिळते.

प्रश्नकर्ता: देशमुखांच्या नोटेला मधोमध एक उभी घडी असून डावीकडे पिनेची दोन छिद्रे आहेत. गांधीजींच्या सर्व नोटांवर झा यांचीच स्वाक्षरी आहे.

उत्तर १ (धरमपेठ): त्या काळी बँका गड्ड्या पिनेने टाचत असत, म्हणून छिद्रांना संग्राहक फारसे नाक मुरडत नाहीत, भाव घडीमुळे उतरेल. तरीही आपल्या नोटांत तीच सर्वांत मोलाची आहे. लिलावांत तशाच अवस्थेतील नोट किती रुपयांना गेली ते पाहावे आणि मगच इतवारीत पुन्हा बोलणी करावी.