डिस्टॉर्शन सगळ्याच चुका झाकत नाही

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांत ‘हाय-गेनमध्ये (गेन चढवून आवाज फाटका, म्हणजे डिस्टॉर्टेड केल्यावर) चुका खपून जातात, खरा कस क्लीनवरच (न फाटलेल्या आवाजातच) लागतो’ असं काहीजण म्हणतात, ते अर्धंच पटतं. पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) जोर कमीजास्त झाला तर डिस्टॉर्शनसोबत येणारं कॉम्प्रेशन, म्हणजे लहानमोठ्या आवाजातला फरक दाबला जाणं, तो सपाट करतं, हे खरं. पण न वाजवलेल्या तारांची गुणगुण आणि ट्यूनिंगमधली बारीक गफलत तेच हाय-गेन चव्हाट्यावर आणतं. आणि पॉवर कॉर्ड, म्हणजे पूर्ण कॉर्डऐवजी मूळ स्वर आणि त्याचा पाचवा एवढेच, धरणं हा काही आळस नव्हे. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वरांच्या कंपनसंख्यांच्या फरकाइतका आणखी एक स्वर उमटतो. पाचवी तार खुली, ए, ११० हर्ट्झ. त्यावरचा ई सुमारे १६५. फरक ५५, म्हणजे पुन्हा ए-च, एक सप्तक खाली. कॉर्ड भरदार वाटतो तो यामुळे. आता ई-च्या जागी मेजर कॉर्डमधला सी शार्प घ्या, १३८.६. फरक २८.६ येतो, पण त्याच्या जवळचा, दोन सप्तकं खालचा ए असतो २७.५ वर. अर्ध्या सेमीटोनहून (सेमीटोन म्हणजे लगतच्या दोन स्वरांतलं अंतर) जास्त चढा! मेजर कॉर्ड गढूळ होतो तो इथे. क्लीनवर हा उपरा स्वर जवळपास नसतोच.

अँपच्या एकाच सेटिंगवर क्लीन आणि हाय-गेन दोन्ही हवं असेल तर गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ५-६ वर आणा. ट्रेबल मरतो, त्यासाठी व्हॉल्यूमच्या ५०० के (किलोओहम) पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरच्या, इनपुट आणि आउटपुट लगमध्ये (वायर जोडायच्या टोकांमध्ये) १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० के रेझिस्टर समांतर जोडा. नुसता कपॅसिटर लावलात तर व्हॉल्यूम उतरवल्यावर टोन किरटा होतो.